तुम्ही विचारलंत म्हणून : जॉर्जियात राज्य नक्की कोणाचं?

मी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला राहते. नीटचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. लातूर, नांदेड, सांगली, कधी पणजी. मुलीला तिबिलिसीला एमबीबीएसला पाठवायचं असतं. फी, हॉस्टेल, जेवणखाण सगळं विचारून होतं आणि मग आवाज जरा खाली येतो : "ताई, तिथला पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात आहे म्हणे. मग राज्य नक्की कोणाचं? लढाई तर नाही ना व्हायची?" फोनवर मी "काळजी करू नका" एवढंच म्हणते. पण विचारणाऱ्या आईबापांना त्याहून जास्त सांगायला हवं, असं मला नेहमी वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी सरळ माहिती. जॉर्जिया म्हणजे जेमतेम ६९,७०० चौरस किलोमीटरचा देश, वस्ती ३७ लाखांच्या आसपास. त्यातले दोन प्रदेश तिबिलिसीच्या सरकारच्या हातात नाहीत. काळ्या समुद्राकाठचा अबखाझिया, आणि गोरी शहराच्या उत्तरेला डोंगरात असलेला दक्षिण ओसेशिया. दोन्ही मिळून देशाचा साधारण २० टक्के भाग. २६ ऑगस्ट २००८ ला रशियाने दोघांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. निकाराग्वा, व्हेनेझुएला असे मोजके देश रशियामागोमाग गेले, बाकी जग गेलं नाही. भारतही नाही. दोन्हीकडे रशियाचे लष्करी तळ आहेत, आणि ओसेशियाकडची ताबारेषा तिबिलिसीपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे.

एवढं ऐकलं की माणूस घाबरतो. पण शहरात राहताना त्या रेषेचा काही त्रास होत नाही. मेट्रो चालते, कॉलेजं भरतात, रात्री अकराला मुली एकट्या घरी येतात. रेषा जाणवते ती निवडणुकीत. राज्य तिबिलिसीच्या सरकारचंच आहे, पण ते सरकार कोणाचं असावं हे ठरवताना इथला मतदार त्या रेषेकडे बघतो, आणि राज्यकर्त्यांना हे पुरतं ठाऊक आहे.

हे कुठून आलं ते सांगायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंच्या जखमा खऱ्या आहेत. सोव्हिएत काळात दोन्ही प्रदेश जॉर्जियाच्या आत स्वायत्त होते. १९८९ च्या जनगणनेत अबखाझियात जॉर्जियन जवळपास ४६ टक्के होते आणि अबखाझ १८ टक्के. आपल्याच भूमीत आपण अल्पसंख्य झालो, ही अबखाझांची जुनी बोच. सोव्हिएत संघ मोडकळीला आला तेव्हा तिबिलिसीत तेव्हाचे नेते झ्वियाद गामसाखुर्दिया यांच्या राष्ट्रवादाची लाट होती. डिसेंबर १९९० मध्ये दक्षिण ओसेशियाची स्वायत्तता रद्द करून टाकली आणि तिथे लढाई पेटली. ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जियन फौजा अबखाझियाच्या राजधानीत, सुखुमीत घुसल्या. त्या लढाईत अबखाझांचा दप्तरखाना जळून खाक झाला. एका छोट्या समाजाची लिखित स्मृतीच गेली. ही गोष्ट तिबिलिसीत फार कमी लोक आपणहून बोलतात, आणि मला ते खटकतं.

मग पारडं फिरलं. २७ सप्टेंबर १९९३ ला सुखुमी पडलं. दोन लाखांहून जास्त जॉर्जियन घरंदारं सोडून पळाले. माझ्या शेजारच्या बाई त्यांतल्याच. स्वानेतीच्या डोंगरातली खिंड चालत ओलांडणाऱ्या लोंढ्यात त्या होत्या. त्या खिंडीत थंडीने कितीतरी माणसं मेली. बाई त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. सुखुमीतल्या अंगणातल्या खुरमा फळांबद्दल मात्र तासभर बोलतील. सरकारदप्तरी त्या आजही 'विस्थापित' आहेत. तिबिलिसीत जन्मलेला त्यांचा मुलगाही विस्थापित, कारण तो दर्जा वारशाने मिळतो. अशा नोंदी पावणेतीन लाखांच्या वर आहेत आणि भत्ता वर्षानुवर्षं महिना ४५ लारी (लारी हे इथलं चलन). तेवढ्यात आठवड्याचा बाजारहाटही धड होत नाही. शहराच्या ऐन मध्यावरचं हॉटेल इवेरिया दहाएक वर्षं या लोकांनी भरलेलं होतं. बाल्कन्यांना पत्रे आणि प्लायवूड ठोकून खोल्या वाढवलेल्या. २००४ मध्ये त्यांना पैसे देऊन तिथून हलवलं. आज तिथे चकचकीत काचेचं हॉटेल उभं आहे.

२००३ च्या नोव्हेंबरात गुलाबक्रांती झाली, म्हणजे लोकांनी रस्त्यावर येऊन जुनं सरकार घालवलं, आणि मिखाइल साकाशविली सत्तेवर आले. त्यांनी पुष्कळ कामं केली हे मान्य करायलाच हवं. लाचखोर वाहतूक पोलिसांचं अख्खं खातं बरखास्त करून नवं उभं केलं. जन्मदाखल्यापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळं एका छताखाली मिळेल अशी सेवाकेंद्रं उघडली. आपल्याकडून आलेले विद्यार्थी तिथे गेले की थक्क होतात. पण गमावलेले प्रदेश परत आणण्याची त्यांना घाई होती. ऑगस्ट २००८ मध्ये पाच दिवसांचं युद्ध झालं. युरोपीय महासंघाने नेमलेल्या चौकशीने दोन्ही गोष्टी नोंदवल्या : ७ ऑगस्टच्या रात्री दक्षिण ओसेशियाच्या राजधानीवर, त्स्खिनवालीवर तोफांचा मारा जॉर्जियाने केला, आणि त्याआधी वर्षानुवर्षं रशियाने चिथावणी दिली. इथे वादात प्रत्येक जण यातलं सोयीचं अर्धंच वाक्य उचलतो.

तिबिलिसीहून गोरीकडे जाताना हमरस्त्याच्या कडेला त्सेरोवानी लागतं. एकाच साच्यातली सुमारे दोन हजार बैठी घरं, ओळीने उभी. २००८ च्या युद्धानंतर काही महिन्यांत सरकारने ती बांधली, मुख्यतः आता रेषेपलीकडे दक्षिण ओसेशियाच्या ताब्यात असलेल्या अखालगोरीहून आलेल्या लोकांसाठी. पुढे खुर्वालेतीला गेलात तर काटेरी कुंपण दिसतं, त्यावर हिरवा फलक, पुढे जाऊ नका म्हणून. कुंपण थेट शेतांतून, अंगणांतून गेलं आहे. २०१५ च्या जुलैत ओर्चोसानीजवळ हे फलक आणखी पुढे सरकले, देशाच्या मुख्य महामार्गापासून काही शे मीटरवर आले, आणि तेलवाहिनीचा एक तुकडा पलीकडे गेला. गोळी झाडली नाही, बातमी दोन दिवस चालली, आणि शेतकऱ्याची जमीन गेली. कोणी कुंपणाजवळ गुरं चारताना सापडला तर त्याला उचलून नेतात. युरोपीय महासंघाचे निरीक्षक २००८ पासून आहेत, पण त्यांना रेषेच्या पलीकडे पाय टाकता येत नाही.

आता सरकारबद्दल. संसद १५० जणांची, खरी सत्ता पंतप्रधानांकडे. राष्ट्राध्यक्ष पूर्वी थेट निवडून यायचे. २०२४ पासून ३०० जणांचं मंडळ निवडतं. त्या पद्धतीने आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष मिखेइल कावेलाशविली, एके काळचे मँचेस्टर सिटीचे फुटबॉलपटू. मतदानात उमेदवार ते एकटेच होते. कागदावर रचना अशी. पण इथे कोणालाही विचारा, तो बोट दाखवेल ते डोंगरउतारावरच्या काचेच्या प्रचंड घराकडे. ते बिद्झिना इवानिशविलींचं. रशियात नव्वदच्या दशकात अब्जाधीश झालेला हा माणूस २०१२ मध्ये 'जॉर्जियन ड्रीम' पक्ष घेऊन उभा राहिला. तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती मतदानाच्या तोंडावर बाहेर आल्या होत्या, लोक संतापलेले होते, आणि साकाशविलींचा पक्ष हरला. इवानिशविली वर्षभर पंतप्रधान राहिले, मग पद सोडलं. तेव्हापासून पंतप्रधान येतात आणि जातात, पक्ष त्यांचाच आहे. सरकारी पद नसलेल्या माणसाला जाब कुठे विचारायचा? या देशाच्या लोकशाहीचं खरं दुखणं मला हे वाटतं.

२६ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीआधी शहरभर फलक लागले होते. डाव्या अर्ध्यात युक्रेनमधली बॉम्बने उद्ध्वस्त झालेली इमारत, काळ्यापांढऱ्या रंगात. उजव्या अर्ध्यात जॉर्जियातली उजळ, रंगीत, धडधाकट वास्तू. आणि संदेश : युद्धाला नाही म्हणा, शांतता निवडा. माझ्या बसथांब्यावर उद्ध्वस्त चर्चचा होता. रोज सकाळी शाळेची पोरं त्याखाली उभी असत. दुसऱ्या देशातल्या मेलेल्या माणसांच्या ढिगाऱ्यावर मतं मागणं मला अजिबात पटलं नाही. पण हा फलक लोकांना खोटा वाटला नाही, हेही मी पाहिलं. कारण २००८ मध्ये पश्चिमेकडून निवेदनं आली, सैन्य आलं नाही, हे प्रत्येकाला आठवतं.

ही आठवण फार जुनी आहे. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी सापडल्या, हे गोवेकरांना माहीत असेल. १६२४ मध्ये धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझला हालहाल करून मारलं. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सन्मानाने दिला. तेव्हापासून मी गोव्याचं नाव काढलं की इथल्या म्हाताऱ्या बायका माझा हात हातात घेतात. त्या इराणच्या भीतीनेच १७८३ मध्ये जॉर्जियाच्या राजाने रशियाशी संरक्षणाचा करार केला. १७९५ मध्ये इराणने तिबिलिसी जाळलं, रशियाची मदत आली नाही. १८०१ मध्ये मात्र रशियाने राज्यच खालसा केलं. १९१८ ला देश पुन्हा स्वतंत्र झाला, १९२१ मध्ये लाल सेना शिरली. संकटाला कोणी धावून येत नाही, हे इथे पिढ्यानपिढ्या अनुभवाने कळलेलं आहे. म्हणून युद्धाच्या भीतीने मत देणाऱ्या माझ्या शेजारणीला मी मूर्ख म्हणणार नाही. एकदा सगळं सोडून खिंड ओलांडलेली बाई दुसऱ्यांदा ओलांडायला तयार नसते.

माझा राग आहे तो त्या भीतीच्या आडून जे चाललंय त्यावर. परदेशातून २० टक्क्यांहून जास्त पैसा घेणाऱ्या संस्थांनी आणि माध्यमांनी परकीय हितसंबंधी म्हणून नोंद करावी, असा कायदा २०२३ मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन मागे घ्यायला लावला होता. २०२४ मध्ये तोच पुन्हा आणला आणि राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून मंजूर केला. ऑक्टोबरची निवडणूक जॉर्जियन ड्रीमने जिंकल्याचं जाहीर झालं. विरोधकांनी निकाल मानला नाही, आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी दबाव आणि मतदानाच्या गुप्ततेबद्दल गंभीर आक्षेप नोंदवले. २८ नोव्हेंबरला पंतप्रधान कोबाखिद्झे यांनी सांगितलं की युरोपीय महासंघाच्या प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत विषयपत्रिकेवर घेणार नाही. ज्या देशाच्या घटनेच्या ७८ व्या कलमातच युरोपात सामील होण्याचं ध्येय लिहिलेलं आहे, तिथे हे! त्या रात्रीपासून तिबिलिसीत संसदेसमोरच्या रुस्तावेली रस्त्यावर माणसं जमू लागली आणि पुढे वर्षभर रोज संध्याकाळी जमत राहिली. आजी, डॉक्टर, नट, विद्यार्थी. रस्ता अडवल्याचा दंड ५०० लारींवरून ५,००० केला. म्झिया अमाग्लोबेली या बातुमीतल्या ज्येष्ठ पत्रकार बाईंना पोलीस अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारल्याबद्दल दोन वर्षांची कैद झाली. युद्ध टाळायचं म्हणून पत्रकार तुरुंगात का हवा, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

मुलांना एवढंच सांगा : रुस्तावेलीवर गर्दी असेल तेव्हा उगीच बघायला जाऊ नका, आणि अबखाझियाची समुद्रकिनाऱ्याची सहल कोणी रशियाच्या बाजूने स्वस्तात नेतो म्हणाला तर हात जोडा. जॉर्जियाच्या कायद्याने तसा प्रवेश गुन्हा आहे.

आणि ते प्रदेश परत येतील का, असंही काही जण विचारतात. माझ्या हयातीत येतील असं मला वाटत नाही. पण म्हणून पलीकडची माणसं रशियाच्या खिशात आहेत असं समजू नका. दक्षिण ओसेशियातले पुढारी रशियात विलीन व्हायची भाषा करतात, अबखाझ मात्र तसे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियन गुंतवणूकदारांना सवलती देणाऱ्या कराराविरुद्ध सुखुमीत लोक संसदेच्या आवारात घुसले आणि त्यांच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. तिबिलिसीच्या राजकारणात याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

वीज मात्र दोघांना बोलायला लावते. एंगुरी नदीवरचं २७० मीटरहून उंच धरण जॉर्जियाच्या ताब्यात आहे आणि त्याचं वीजघर रेषेपलीकडे गालीत. पाणी अडवायचं इकडे, जनित्रं फिरणार तिकडे. एकाने हट्ट केला तर दोघेही अंधारात. त्यामुळे गेली तीसेक वर्षं, युद्धं होऊनही, दोन्हीकडचे अभियंते एकत्र काम करतात. साठ-चाळीसचा जुना अलिखित वाटा आहे. हिवाळ्यात अबखाझिया त्याहून बरीच जास्त वीज ओढतो, बिटकॉइनच्या यंत्रांनी तर फारच, आणि तिबिलिसी कुरकुरत का होईना देतं.

तसंच औषधोपचाराचं. रेषेपलीकडच्या माणसाला जॉर्जियात मोफत उपचार मिळतात, त्यासाठी सरकारी योजना आहे. झुगदिदीजवळ रुखीला अगदी रेषेलगत त्यासाठी रुग्णालय बांधलं. अखालगोरीचा रस्ता २०१९ मध्ये बंद झाला तेव्हा वेळेवर न पोचल्याने माणसं दगावली. आता तो महिन्यातले मोजकेच दिवस उघडतो. माझ्या मते सरकारने सगळी ताकद लावायची तर ती इथे लावावी : हा रस्ता महिनाभर उघडा कसा राहील, आणि अबखाझ आईला तिबिलिसीच्या दवाखान्यात तिच्या भाषेत बोलणारं कोणी भेटेल का, यावर. तुमच्या मुलींपैकी कोणी इथे शिकून बालरोगाच्या वॉर्डात उभी राहिली, तर असे पेशंट तिलाही भेटतील. तिने नाव-गाव विचारताना जरा सांभाळून विचारावं.