घोटाघोटानं

२०२३ ची वारी. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी १४ जूनला, योगिनी एकादशीला, पुण्याहून सासवडला निघाली. पावसाचा टिपूस नव्हता. सकाळी वाटीभर भगर खाल्ली होती, तेवढाच आधार. वाटेत पावलोपावली कुणीतरी बाटली पुढे करायचं, ‘घ्या माउली.’ नाही कसं म्हणणार? मी गटागटा पीत गेलो.

वडकीनाल्यानंतर दिवे घाटाचा चढ लागला आणि पोटऱ्यांत गोळे आले. डोकं गरगरायला लागलं. मस्तानी तलाव खाली दिसतो तिथं सगळं पाणी उलटून पडलं. दिंडीतल्यांनी कडेला सावलीत आडवं केलं, पायाखाली वळकटी दिली, उपरणं भिजवून मानेवर ठेवलं. कुणीतरी ओआरएसची पुडी दिली. मी ती अर्ध्या तांब्यात ओतून तोंडाला लावणार, तोच आरोग्य पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी हात धरला.

आधी त्यांनी मला गाव आणि दिंडीचा नंबर विचारला. मी भलतंच बरळलो असतो, तर तोंडात थेंबही न घालता अंग गार करत थेट रुग्णवाहिकेत घालणार होत्या.

“ही पुडी लिटरभर पाण्याची आहे, माउली. घट्ट केलीत तर जुलाब लागतील. घामातून मीठही गेलंय, आणि तुम्ही नुसतं पाणी ओतत राहिलात.”

उलटी झालेली, म्हणून दहा मिनिटं काहीच नाही. मग चमचा, थोडं थांबून पुन्हा चमचा. पाण्यातली साखर मिठाला हाताला धरून आतड्यातून आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं, हे तेव्हा कळलं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

“पण आज एकादशी, मीठ…” मी पुटपुटलो.

“औषधाला कसला उपास रे? गिळ!” दिंडीतल्या मावशी खेकसल्या.

तो लिटर संपायला अडीच तास लागले. उरलेला घाट दिंडीच्या गाडीतून गेला, त्याची चुटपुट अजून आहे. लघवी स्वच्छ होईपर्यंत चालायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं आणि मावशींनी ते मनावर घेतलं. सासवडच्या तळावर, सगळ्यांच्या देखत, दर तासाला विचारायच्या, “झाली का रे? रंग कसा होता?”