वूल्सथॉर्पचे दगडी घर : झाडाआधी भिंती पाहाव्यात

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून ग्रँथमला आगगाडीने साधारण सव्वा तासात पोहोचता येते. तेथून दक्षिणेला सात-आठ मैलांवर, लिंकनशर परगण्यात, न्यूटनचे जन्मघर आहे. बसगाड्या मोजक्याच असल्याने टॅक्सी करावी, आणि परतीचीही तेव्हाच ठरवून ठेवावी. आम्ही ती ठरवली नव्हती, त्यामुळे पाऊण तास पावसात उभे राहिलो.

‘वूल्सथॉर्प मॅनर’ या नावावरून गढीसारखे काही डोळ्यांपुढे आणून गेलात, तर निराशा होईल. हे मेंढ्या पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचे दुमजली घर आहे. न्यूटनच्या आजोबांनी ही मालमत्ता १६२३ मध्ये विकत घेतली. भिंती या भागात सापडणाऱ्या फिकट चुनखडी दगडाच्या असून खिडक्यांमध्ये उभे दगडी दांडे आहेत, आणि इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या आखणीमुळे मागचा भाग पुढच्या भागाला काटकोनात येऊन मिळतो. या परिसरातील जुन्या घरांची छपरेही दगडीच असत. कॉलीवेस्टन गावच्या खाणीतला दगड पाणी मारून हिवाळाभर उघड्यावर ठेवत आणि गोठलेले पाणी त्याच्या चिपा सुट्या करी. मोठ्या चिपा वळचणीला लावून आढ्याकडे त्या लहान करत नेत. छिन्नी-हातोड्याशिवाय, निव्वळ थंडीकडून दगड फोडून घेण्याची ही युक्ती मला तरी सफरचंदाच्या गोष्टीहून अधिक भावली.

ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, त्या वडिलांच्या मृत्यूनंतर, २५ डिसेंबर १६४२ रोजी (आजच्या पंचांगाप्रमाणे ४ जानेवारी १६४३) न्यूटन येथे वरच्या मजल्यावर जन्मला. आईला त्याने शेती सांभाळावी असे वाटे, पण ते काही जमले नाही. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडल्यावर तो येथेच परतला आणि लोलकाने प्रकाशाचे पृथक्करण करू लागला. तळमजल्यावरील शेकोटीजवळच्या भिंतीवर २०१७ मध्ये विशेष प्रकाशतंत्राने पवनचक्कीचे एक कोरीव रेखाटन उजेडात आले. ते बाल न्यूटनचे असावे, असे मानतात. नुसत्या डोळ्यांना ते सहजी दिसत नाही, तेव्हा ते कोठे आहे हे तेथील स्वयंसेवकांना अवश्य विचारावे.

घर नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे. उघडण्याचे दिवस ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ते संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. गुडघे दुखत असतील तर जिन्याचा विचार आधीच करावा.

सफरचंदाचे ते प्रसिद्ध झाड शेवटी पाहावे. ते १८२० च्या सुमारास वादळात आडवे झाले, तरी मुळे शाबूत राहिल्याने पुन्हा फुटले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत या झाडाच्या वंशातील रोपे लावली गेली होती, हे आमच्यापैकी एकाला आठवले, आणि मग कुंपणापाशी दहाऐवजी वीस मिनिटे गेली.