शिबिराचे तंबू आणि तीन कोटेशनं : माझा अनुभव

मुलांच्या शिबिरासाठी कुठला तंबू घ्यायचा हे ठरवायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो ‘दहा माणसी’ असं छापलेल्या तंबूत दहा मुलं झोपत नाहीत, हे आपल्याच संस्थेच्या हिशेब विभागाला पटवून द्यायला. आमची फाईल गणपतीच्या आधी वर गेली आणि मंजूर झाली ती दिवाळीच्या तोंडावर. मधल्या काळात जे झालं त्याचा राग अजून मनात आहे. तुमच्या शाळेत, मंडळात किंवा ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये हेच घडणार असेल तर निदान तयारीने जा, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी पुण्यातल्या एका संस्थेत आठवी ते बारावीच्या मुलामुलींच्या शिबिरांचं काम बघते. राजमाची, रायरेश्वरचं पठार, राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे, अशा ठिकाणी आम्ही जातो. तंबू भाड्याने आणायचो. भाड्याच्या तंबूत एखादी काठी तुटलेली, एखाद्याची चेन अडकलेली, आणि परत देताना अनामत रकमेवरून वाद हे ठरलेलं. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले, विश्वस्तांनी तोंडी होकार दिला. इथवर सगळं छान झालं.

आधी तंबूबद्दल. सुरुवातीला सगळ्यांचं मत मोठे तंबू घ्यावेत असं होतं. नग कमी, उभारायला कमी वेळ, माणशी खर्चही कमी. मी त्याला शेवटपर्यंत विरोध केला. मोठ्या तंबूला सलग सपाट जागा लागते, ती गडाच्या माचीवर किंवा गावातल्या खळ्यात सहज मिळत नाही. त्याला वारा जास्त लागतो. एक काठी मोडली की आठ-दहा मुलं रात्री बाहेर. शिवाय तो उचलून वर कोण नेणार? चार माणसी तंबूची काठ्या, आतला तंबू आणि वरचं कापड अशी वाटणी तीन मुलांच्या सॅकमध्ये होते. आपला तंबू आपण वाहून आणला की मुलं तो उभारतातही जपून.

कॅनव्हासचाही विचार झाला. रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी केली. जाड कॅनव्हास टिकाऊ आहे, एकाच जागी महिनाभर तळ असेल तर त्याला तोड नाही. पण तो मुळात जड, भिजला की आणखी जड, आणि नीट वाळला नाही तर बुरशी धरतो. चालत जायच्या शिबिराला तो नको.

उरला पॉलिस्टरचा डोम (घुमटासारखा तंबू), दुहेरी. म्हणजे आत जाळीचा तंबू आणि वर वेगळं पावसाचं कापड. डिसेंबरात रायरेश्वरावर दव इतकं पडतं की एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे आतून पाणी ओघळतं. ते मुलांच्या श्वासातल्या वाफेचं असतं, पण मुलं सांगतात तंबू गळला. दोन कापडांत हवा खेळती राहिली की निदान झोपायच्या पिशव्या कोरड्या राहतात. नायलॉन हलकं असतं, पण ओलं झालं की सैलावतं आणि उन्हातही पॉलिस्टरपेक्षा लवकर खराब होतं. मुलांच्या वापराला पॉलिस्टरच बरं.

आता मुख्य कटकट. संस्थेचा नियम तीन दरपत्रकांचा. नियम योग्यच आहे, सार्वजनिक न्यासाचा पैसा आहे, लेखापरीक्षण होतं. मी तिन्ही दुकानदारांना एकच मागणीपत्र दिलं होतं. त्यात तळाचं माप, कापडाची पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये, काठीचं साहित्य आणि जाडी, शिवणींवर आतून पट्टी आहे का, हे सगळं विचारलं होतं. एकाने सगळ्याची उत्तरं दिली. दुसऱ्याने माहितीपत्रकाचं पान जोडलं, त्यात निम्मे आकडे. तिसऱ्याने आपल्या छापील कागदावर एकच ओळ लिहिली : ‘कॅम्पिंग टेंट, १० पर्सन, वॉटरप्रूफ, बेस्ट क्वालिटी’ आणि पुढे दर. माणशी दर अर्थात सगळ्यात कमी.

फाईल आठवडाभर पडून होती. मग शेरा आला : ‘सदर दरपत्रके एकाच वर्णनाची नसल्याने तुलना करता येत नाही. फेर सादर करावीत.’ बरोबर होतं. मी तिसऱ्याकडे गेले आणि आकडे मागितले. “मॅडम, वॉटरप्रूफ लिहिलंय ना, अजून काय पाहिजे?” मी म्हटलं, किती मिलिमीटर ते लिहून द्या. ते म्हणाले, कंपनी आकडा देत नाही.

हा आकडा म्हणजे काय ते सांगते. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत पाणी खाली झिरपत नाही, ती उंची. १५०० मिमी असेल तर साधा पाऊस अडतो. आम्ही वरच्या कापडाला किमान २००० मिमी मागितलं, कारण मे महिन्यातला वळीव वाऱ्यासकट येतो. तळाला ३००० मिमी. ओल्या जमिनीवर मूल गुडघे टेकून सॅक आवरायला बसलं की त्या एका जागी पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो.

फाईल पुन्हा वर गेली. आता दुसरा शेरा : ‘न्यूनतम दर डावलण्याचे कारण नमूद करावे.’ कारण पहिल्याच पानावर होतं. पान उलटून पाहिलं असतं तर शेरा लागलाच नसता. मी स्वतः लेखापाल साहेबांना भेटले. ते वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले, “ताई, ऑडिटर विचारतील साडेतेरा हजारांत दहा मुलं आणि तुमच्या तंबूत सहा हजार नऊशेला चारच, तेव्हा मी काय सांगू?” त्यांच्या जागी तेही खरं होतं. पण तेवढं बोलणं व्हायला किती दिवस जावे लागले! मधे सही करणारे विश्वस्त परगावी, मग मासिक सभा पुढे ढकलली, मग पितृपक्षात खरेदी नको असं कुणीतरी म्हटलं. तोवर पहिल्या दुकानदाराच्या दरपत्रकाची तीस दिवसांची मुदत संपली. मुदत संपलेलं दरपत्रक चालत नाही, म्हणजे तिघांकडूनही नवीन आणा. इकडे पालक रोज विचारत होते की शिबिर आहे ना नक्की, आणि मी तारीख सांगू शकत नव्हते. मुलांनी गटवाटणी करून ठेवली होती. मला सगळ्यात लागलं ते हे की मुलांची सुट्टी ठरलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही, याचा विचार त्या साखळीत कुणाच्याच टेबलावर नव्हता.

शेवटी मी तुलनात्मक तक्ताच नवीन केला. ‘किती माणसी’ हा रकाना काढून टाकला. त्याजागी तळाचं क्षेत्रफळ आणि एका मुलाला लागणारी जागा. मूल आडवं व्हायला ६० सेंटिमीटर रुंदी आणि दोन मीटर लांबी, म्हणजे १.२ चौरस मीटर. त्यात सॅक, पाण्याची बाटली धरून दीड. तथाकथित दहा माणसी तंबूचा तळ ३ गुणिले ३, म्हणजे ९ चौरस मीटर. त्यात सहा मुलं. चार माणसी तंबू २.१ गुणिले २.४, म्हणजे पाच चौरस मीटर. त्यात तीन मुलं. आता भागाकार करा. १३,५०० भागिले सहा, मुलामागे २,२५०. ६,९०० भागिले तीन, मुलामागे २,३००. फरक पन्नास रुपयांचा, आणि त्या पन्नास रुपयांत दुसरं कापड, शिवणीवरची पट्टी आणि आकड्यांची लेखी हमी.

तेवढ्यावरही न थांबता मी नमुना तंबू मागवले. सगळ्यात स्वस्तवाल्याने तोच प्रकार लहान आकारात पाठवला. तो आणि आम्हाला हवा असलेला चार माणसी, असे दोन्ही तंबू संस्थेच्या मैदानावर उभे केले आणि लेखापाल साहेबांना खाली यायची विनंती केली. ते आले, हे मी मुद्दाम नोंदवते. बागेच्या पाइपने दोन्हींवर पाणी मारलं. स्वस्त तंबूत कापडातून नाही, शिवणीतून पाणी आलं. सुईच्या भोकांची रांग असते, प्रत्येक भोकापाशी एक थेंब फुगतो आणि मग शेजारच्या थेंबाला मिळून खाली उतरतो. मग दोन्हींच्या तळाखाली ओलं गोणपाट घातलं, आत वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर आमचा अकरावीतला एक मुलगा पाच मिनिटं गुडघ्यावर बसला. स्वस्त तंबूतल्या कागदावर दोन गुडघ्यांचे ओले डाग उमटले. दुसरा कोरडा. तो डाग पडलेला कागद साहेबांनी स्वतः उचलून बघितला, घडी केली आणि फाईलला लावला. त्याच आठवड्यात मंजुरी आली. ती बातमी मुलांना सांगताना मला जो आनंद झाला तो लपवत नाही.

म्हणून माझं सांगणं, नमुना मागवाच, आणि सही करणाऱ्या माणसाला मैदानावर आणा. त्याने स्वतः पाहिलेलं पानभर खुलाशापेक्षा जास्त उपयोगी पडतं. दरपत्रकाची मुदत नव्वद दिवसांची लिहून घ्या. दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर असेल तर जूनमध्येच सुरुवात करा.

काठ्यांचं राहिलं. फायबरग्लास स्वस्त, पण ती उभी चिरते आणि तिचे बारीक काचतंतू बोटात रुततात. मुलांना हातमोजे नसतील तर चिरलेल्या काठीला हात लावू देऊ नका. ॲल्युमिनियमची महाग असते, पण बहुतेक वेळा मोडण्याआधी वाकते. आमच्या पैशांत फायबरग्लासच बसली, मग साडेआठ मिमी जाडीची घेतली आणि प्रत्येक तंबूमागे दोन जादा तुकडे व मोडलेल्या काठीवर चढवायची एक दुरुस्तीची नळी त्याच बिलात मागून घेतली. खरेदीच्या वेळी दुकानदार हे खुशीने देतो, नंतर तोच जोड मिळवायला वणवण होते. दाराची चेनही बघा. मुलं ओढतात, त्यामुळे ५ नंबरपेक्षा ८ नंबरची दणकट.

खुंट्या तंबूबरोबर येतात त्या काडीसारख्या, आपल्या कातळावर निरुपयोगी. कातळात खुंटी जात नाही हे गृहीत धरून स्वतःच्या बळावर उभा राहणारा डोमच घ्या. दोर बांधायला खुंटी आडवी ठेवा, दोर तिला बांधा आणि वर मोठा दगड. दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधा, रात्री मुलं अडखळत नाहीत.

माल आल्यावर चलनावर सही करायची घाई करू नका. आम्ही प्रत्येक तंबू उघडून उभा केला. दोन तंबूंच्या पिशवीत काठ्या वेगळ्याच मापाच्या निघाल्या, त्या तिथल्या तिथे बदलून मिळाल्या. मग तंबूच्या, वरच्या कापडाच्या आणि पिशवीच्या कोपऱ्यावर एकच क्रमांक घातला. तोच क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत. कुठल्या गटाकडे कुठला तंबू गेला आणि कसा परत आला हे त्यामुळे कळतं.

तळाखाली ताडपत्री टाकत असाल तर ती तंबूपेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान कापा. बाहेर राहिली तर वरच्या कापडावरून ओघळलेलं पाणी तिच्यावर साठून तंबूखाली शिरतं. आणि ओला तंबू कधीही तसाच बांधून माळ्यावर टाकू नका. आतला पाणी अडवणारा लेप चिकट होतो, वास मारतो आणि सालपटासारखा सुटतो. शिबिराहून आल्यावर मुलांनाच दुसऱ्या दिवशी बोलवायचं, गच्चीवर सावलीत वाळवायचे आणि सैल घडी करायची.

मागणीपत्रात काय लिहायचं असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, तर आमचा मजकूर असा : ‘दुहेरी कापडाचा डोम तंबू, तळ किमान ५ चौ. मी., वरचे कापड पॉलिस्टर किमान २००० मिमी, तळ किमान ३००० मिमी, सर्व शिवणी आतून पट्टीबंद, काठ्या ८.५ मिमी, जादा काठ्यांसह. आकडे दरपत्रकावर लिहिणे बंधनकारक. न लिहिल्यास दरपत्रक विचारात घेतले जाणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका, सगळी ताकद त्यात आहे.

अजून एक राहिलंच. मच्छर अगरबत्ती, मेणबत्ती, शेगडी, काहीही जळतं तंबूच्या आत नको. पॉलिस्टर ठिणगीने वितळतं आणि दार एकच असतं. दारावर जाळी असलेला तंबू घेतला की अगरबत्तीची गरजही पडत नाही.