न्याहारी तीच, आकडे दोन

गेल्या वर्षी मार्च महिन्यातल्या एका सकाळी माझी उपाशीपोटीची साखर २४३ आली. आदल्या रात्री मी एक ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी आणि वाटीभर ताक एवढेच घेतले होते. मला मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली आहेत आणि त्यांतली शेवटची चार वर्षे मी सकाळच्या न्याहारीपूर्वी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी अशी दोन वेळा पेनने इन्सुलिन घेते, त्यामुळे आकड्यांचे चढउतार मला नवीन नव्हते. मात्र तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए१सीची तपासणी केली, तेव्हा तीही ७.२ वरून ८.९ वर गेलेली दिसली आणि हे एका रात्रीचे प्रकरण नाही हे स्पष्ट झाले.

घरात पहिला प्रश्न आला तो जेवणाचाच. "आई, तुम्ही काल संध्याकाळी काही खाल्लंत का?" असे सूनबाईने काळजीनेच विचारले, आणि तिच्या विचारण्यात काही वावगे नव्हते. पण हाच प्रश्न आठवड्यातून तीन वेळा कानांवर पडला की, पथ्य मनापासून पाळणारे माणूस आतून खचते. मी भात बंद केला, मग चपाती कमी केली, मग रात्रीची भाकरी अर्धी केली. साखर मात्र जागची हलली नाही, वजन तेवढे दोन किलोंनी उतरले.

शेवटी मी नौपाड्यातल्या आमच्या मधुमेहतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले, ते डोस वाढवून मिळेल या अपेक्षेने. त्यांनी डोस वाढवला नाही. "काकू, आधी मला महिन्याभराचे आकडे लिहून आणा. कारण कळल्याशिवाय डोस वाढवला, तर रात्री झोपेत साखर खाली जाईल," असे त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितले ते असे, की रोज निदान चार वेळा मोजायचे, प्रत्येक आकड्यापुढे वेळ, खाणे, चालणे, झोप आणि दुखणेखुपणे लिहायचे, आणि सलग नसल्या तरी तीन रात्री पहाटे तीन वाजता उठून साखर बघायची. मी बँकेत नोकरी केलेली असल्याने रकाने आखण्याचा कंटाळा नव्हता. दोनशे पानी वही आणली आणि एप्रिलच्या पहिल्या दिवसापासून लिहू लागले.

पहिली चूक आठवड्याभरातच सापडली, आणि ती मोजण्यातली होती. एका दुपारी नातवासाठी हापूस चिरून दिला, हात कोरड्या फडक्याला पुसले आणि बोट टोचले, तर यंत्रावर ३१२ आले. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून पुन्हा बघितले, तेव्हा तोच आकडा १९६ झाला. बोटावर राहिलेला फळाचा अंश त्या इवल्याशा थेंबात मिसळतो आणि यंत्र तोही रक्तातली साखर म्हणूनच मोजते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो पूर्ण जात नाही, पाणीच लागते. यंत्रात घालायच्या पट्ट्यांची डबी स्वयंपाकघरात झाकण सैल ठेवून वापरण्याची सवयही तेव्हाच मोडली, कारण दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

पहाटे तीनच्या तपासण्यांनी अधिक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ठाण्याची पहिली लोकलही सुटलेली नसते अशा त्या वेळी स्वयंपाकघरातला दिवा लावून मी तीन रात्री बोट टोचले. तीन वाजता १६२, १५८ आणि १७१ असे आकडे आले, आणि त्याच दिवशी सकाळी सात वाजता अनुक्रमे २१४, २०९ आणि २२६. मधल्या चार तासांत पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. डॉक्टरांनी याचे कारण समजावून सांगितले. पहाटे शरीर उठण्याच्या तयारीला लागते, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन ही संप्रेरके वाढतात आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडू लागते. हे प्रत्येकाच्याच शरीरात घडते, पण निरोगी स्वादुपिंड त्या मानाने इन्सुलिन वाढवून हिशेब जुळवते. मधुमेहात ते जमत नाही. तीन वाजताचा आकडा ७० च्या खाली मिळाला असता, तर अर्थ वेगळा झाला असता: रात्रीचे इन्सुलिन जास्त होते आहे असे मानून डोस उलट कमी करावा लागला असता. खाली गेलेल्या साखरेला प्रतिकार म्हणून शरीर सकाळी ती वर ढकलते, याला सोमोजी परिणाम म्हणतात. तो प्रत्यक्षात किती वेळा घडतो याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण सकाळचा एकच आकडा बघून डोस ठरवू नये एवढे मला त्यावरून नीट कळले.

तरीही पहाटेच्या या वाढीने सगळा उलगडा होत नव्हता, कारण वहीतल्या एका गोष्टीवर डॉक्टरांची नजर पुन्हा पुन्हा अडत होती. मी एप्रिलमध्ये जवळजवळ रोज तीच न्याहारी केली होती: एक नाचणीचे घावन, मूठभर मोडाचे मूग आणि बिनसाखरेचा चहा. इन्सुलिनचा डोसही तोच, २२ युनिट. त्यानंतर दोन तासांनी एका दिवशी १४१ होते, दुसऱ्या दिवशी २६३, तिसऱ्या दिवशी १५०. "खाणं एक आणि डोस एक असताना आकडे इतके फिरतात, तेव्हा दोष पोळीभाकरीत नसतो. इन्सुलिन कुठे टोचता ते दाखवा," असे म्हणून त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर झोपवले.

त्यांनी बोटांना थोडे जेल लावले आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू गोल फिरवत नेली. उजव्या बाजूला एका ठिकाणी त्यांची बोटे थांबली. त्यांनी माझाच हात धरून तिथे ठेवला, तेव्हा कातडीखाली भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा, बाजूंच्या मांसापेक्षा घट्ट असा लिंबाएवढा भाग मला लागला. डाव्या बाजूला त्याहून लहान असा दुसरा. दिसायला तिथे काहीच नव्हते, किंचित फुगवटा एवढेच, आणि तोही मी वयाचा समजत होते. एकाच जागी वर्षानुवर्षे टोचत राहिले की इन्सुलिनच्या परिणामाने तिथली चरबी वाढते आणि अशा गाठी बनतात. तिथे टोचलेले औषध कधी वेळेवर शोषले जाते, कधी उशिरा, कधी अपुरे. अशा जागी दुखणे कमी होते, म्हणून हात आपसूक तिथेच जातो. मी एकच सुई आठ-दहा दिवस वापरत असे, आणि बोथट सुईनेही हा त्रास वाढतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण त्यात एक धोका आहे आणि तो प्रत्येकाने जाणून घ्यावा असे मला तळमळीने वाटते. गाठ सोडून निरोगी जागी टोचायला लागले की तेच युनिट एकदम पूर्ण काम करू लागतात आणि साखर झपाट्याने खाली येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी जागा बदलण्याच्या दिवशीच सकाळचा डोस २२ वरून १८ आणि रात्रीचा १८ वरून १४ केला. एवढे करूनही पाचव्या दिवशी गावदेवी मंडईतून भाजी घेऊन परतताना मला दरदरून घाम फुटला आणि पिशवी धरलेला हात कापू लागला. घरी पोचून बघितले तर ६४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायले, पंधरा मिनिटे बसून राहिले आणि पुन्हा मोजल्यावर ९७ आले तेव्हा जेवायला बसले. डोस आणखी दोन युनिटने उतरला. ज्या इन्सुलिनला मी अपुरे समजत होते, ते निम्म्या वाटेत अडून राहत होते.

आता पोटाचे मनाने चार चौकोन करून मी आठवड्याला एक चौकोन वापरते, बेंबीपासून दोन बोटे दूर राहते, दोन टोचण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवते आणि सुई दर वेळी नवी घेते. रात्रीचे जेवण पावणेदहावरून आठवर आणले. पहाटेची वाढ पूर्ण गेली नाही; पण उपाशीपोटीचा आकडा १२० ते १४० मध्ये राहू लागला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सरासरी ७.४ आली.

त्याच महिन्यात उजवा खांदा आखडला. मधुमेहींमध्ये हा त्रास अधिक दिसतो. दुसऱ्या एका ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिले. मी मधुमेहाचे अर्जात लिहिले होते, तरी ते औषध स्टिरॉइड आहे आणि त्याने साखर वाढेल हे मला कोणी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ३८७ बघून मी घाबरले, आणि या गोष्टीचा राग मला आजही येतो. वही हाताशी होती म्हणून आदल्या दिवसाच्या रकान्यात "खांद्याला इंजेक्शन" हे शब्द लगेच सापडले आणि फोनवर कारण कळले. सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडचा साखरेवरचा परिणाम साधारण काही दिवसांत ओसरतो. पाणी भरपूर प्यायले, दिवसातून सहा वेळा मोजले, डॉक्टरांनी सांगितले तेवढे युनिट तेवढ्याच दिवसांपुरते वाढवले, आणि सहाव्या दिवशी आकडे जागेवर आले.

नोव्हेंबरमध्ये दुसरे इंजेक्शन घ्यायची वेळ आली, तेव्हा मी आठवडाभर आधीच दोन्ही डॉक्टरांना कळवले होते. त्या संध्याकाळी यंत्राने २७१ दाखवले. सूनबाईने वही पुढ्यात ओढली, आकडा लिहिला आणि विचारले, "आई, आज कोणता चौकोन?"