तिमोर-लेस्तेच्या निवडणुकीत निरीक्षक म्हणून जाताय? मग हे वाचा

मे २०२३ मध्ये तिमोर-लेस्तेत, म्हणजे इंडोनेशियाच्या शेजारच्या छोट्या देशात, संसदेची निवडणूक झाली तेव्हा आशियातल्या निरीक्षकांच्या एका टीममधून मी तिकडं गेले होते. पुढच्या वेळी कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, मतदान संपलं की गाडीत बसू नका, मोजणी संपेपर्यंत तिथून हलायचं नाही.

थोडा इतिहास माहीत हवाच, नाहीतर रांगेतल्या माणसांच्या चेहऱ्यावरचं काही कळणार नाही. पोर्तुगीजांचा अंमल १९७५ ला संपत आला आणि त्याच डिसेंबरात इंडोनेशियाचं सैन्य घुसलं, ते चोवीस वर्षं. ३० ऑगस्ट १९९९ ला सार्वमत झालं, ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं, आणि त्याची शिक्षा म्हणून देश जाळला गेला. २० मे २००२ ला स्वातंत्र्य. म्हणजे ज्यांनी जीव मुठीत धरून ते मत दिलं तीच माणसं आजही रांगेत असतात आणि मागं त्यांची सतरा वर्षांची नातवंडं, कारण तिथं सतराव्या वर्षी मतदान करता येतं. (आपल्याशी जुना धागा असा की १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याहून चालायचा.)

निवडणुकीची पद्धत सोपी आहे. ६५ जागा, अख्खा देश एकच मतदारसंघ, मत उमेदवाराला नाही तर पक्षाच्या यादीला, ४ टक्क्यांच्या खाली राहिलात तर जागा नाही, आणि यादीत दर तीन नावांत किमान एक बाई हवीच. २०२३ ला मतपत्रिकेवर १७ पक्ष होते. निवडणूक घेण्याचं काम स्ताए नावाचं सरकारी सचिवालय करतं आणि त्यावर देखरेख सीएनई हा आयोग. निरीक्षकाचं ओळखपत्र स्ताएकडून मिळतं, ते गळ्यात नसेल तर केंद्रात पाऊलसुद्धा ठेवता येत नाही, त्यामुळे फोटो आणि पासपोर्टच्या कॉपी भरपूर न्या.

जायचं कसं तर बहुतेक लोक इंडोनेशियातल्या बालीहून दिलीला, म्हणजे राजधानीला, जातात, विमान दोनेक तासांचं. व्हिसा दिलीच्या एअरपोर्टवर मिळाला, ३० डॉलर रोख, पण निघायच्या आधी नियम एकदा बघून घ्या. तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि बालीत बॅग बाहेर घ्यावी लागत असेल तर इंडोनेशियाचाही व्हिसा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चलन अमेरिकन डॉलर, नाणी मात्र त्यांची स्वतःची, सेंताव्हो. सुट्ट्या आणि स्वच्छ नोटा न्या, डोंगरात कार्ड वगैरे विसरा. सिमकार्ड दिलीतच घ्या आणि एकाच कंपनीवर विसंबू नका, एका वळणावर रेंज असते आणि पुढच्या वळणावर नसते.

मला एर्मेरा जिल्हा मिळाला, म्हणजे कॉफीचा मुलूख. ग्लेनोच्या पुढं लेतेफोहोकडे रस्ता चढत जातो, मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीच्या बागा, मे महिना म्हणजे तोडणीचा हंगाम सुरू, घरापुढं ताडपत्रीवर बिया वाळत घातलेल्या. फोर-व्हील ड्राइव्हच घ्या. आणि नकाशावरचं अंतर बघून वेळ ठरवू नका, पाऊस झालेला असेल तर दुप्पट धरा. रात्री चांगलाच गारठा असतो, स्वेटर न्या. शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही, भात, पालेभाजी, टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) मिळतं आणि आय-मानास नावाची मिरचीची चटणी सोबत असली की जेवण होतं. डेंग्यू आहे, त्यामुळे डासांचं मलम दिवसाही लावा.

दुभाष्या नीट निवडा. तेतुम ही देशाची भाषा सगळीकडे चालते पण एर्मेरात घरात मांबाई बोलतात, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं तर ती येणारा हवा, आणि तो कुठल्या पक्षाचा नको. लोकांना माऊन, माना म्हणा, आपल्याकडच्या दादा-ताईसारखं, लगेच मोकळे होतात. कपड्यांत पक्षांचे रंग टाळा.

प्रचार दोन दिवस आधी बंद होतो. मतदान २१ मे ला, रविवारी, सकाळी ७ ते दुपारी ३. आपण सव्वासहालाच पोचायचं, कारण रिकामी पेटी सगळ्यांना दाखवून सील लावतात ते बघायचं असतं. सीलचा नंबर स्वतःच्या वहीत लिहा, संध्याकाळी तोच आहे का हे ताडून बघायला. लोक सकाळपासून रांगेत होते, काही बायका चांगल्या ताइस (तिथलं हातमागाचं वस्त्र) नेसून आल्या होत्या, तान्ही मुलं घेऊन आलेल्या आयांना आणि म्हाताऱ्यांना पुढं सोडत होते.

आपण फक्त बघायचं आणि लिहायचं. काही चुकतंय असं वाटलं तरी मध्ये पडायचं नाही, प्रश्न विचारू शकता, सूचना द्यायची नाही. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत निरीक्षणाची जी तत्त्वं जाहीर झाली त्यातही हेच आहे, आणि मला ते पूर्ण पटतं, निवडणूक त्यांची आहे.

आता मोजणी. तीनला दार बंद झालं आणि त्याच खोलीत पेटी उघडली. मतदाराला पेन किंवा खिळा वापरता येतो, खिळ्याने चिन्हावर भोक पाडायचं. केंद्रप्रमुख बाई एकेक मतपत्रिका उलगडून दोन्ही हातांनी वर धरत होत्या, भोकातून उजेड आरपार दिसायचा, पक्षाचं नाव मोठ्याने, मग पक्षांच्या एजंटांकडे फिरवून दाखवायची, मग भिंतीवरच्या कागदावर एक रेघ. खिडक्यांशी गावकरी उभे, तेही मनात मोजत होते. एका मतपत्रिकेला दोन भोकं होती, बहुतेक घडी न उघडताच खिळा मारलेला. दोन एजंटांची चांगलीच जुंपली, बाईंनी आवाज न चढवता ती बाजूला ठेवली, कारण हरकत घेतलेल्या मतांचा निर्णय सीएनई करतो. अंधार पडला तरी काम चालूच होतं. हेडलॅम्प न्याच. शेवटी सह्या झालेल्या आकड्यांचा तक्ता वहीत उतरवून घ्या, जिल्ह्याच्या बेरजेशी जुळवायला तोच कामी येतो. जे निरीक्षक दहा केंद्रं फिरून अंधार पडायच्या आत हॉटेलवर परततात त्यांच्या अहवालात मला फारसा अर्थ दिसत नाही.

त्या रात्री फेसबुकवर आकडे किंवा मत काहीही टाकू नका, जे बोलायचं ते टीमच्या निवेदनातून. पक्षांना जागा अशा मिळाल्या: सीएनआरटी ३१, फ्रेटिलिन १९, पीडी ६, खुंतो ५, पीएलपी ४. सीएनआरटीचे नेते आणि स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी शनाना गुश्माव पुन्हा पंतप्रधान झाले आणि सत्ता शांतपणे बदलली.

दिलीत परतल्यावर वेळ काढून इंडोनेशियाच्या ताब्यातल्या काळाविषयीच्या शेगा म्युझियमला जा, जुन्या तुरुंगातच आहे ते, आणि सांताक्रूझ स्मशानभूमीतही, जिथं १२ नोव्हेंबर १९९१ ला इंडोनेशियाच्या सैन्याने निदर्शकांवर गोळीबार केला. खरं तर हे मतदानाच्या आधीच बघितलेलं बरं.

अर्ज करणाऱ्यांसाठी शेवटचं: अशा टीम काही महिने आधी अर्ज मागवतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या ज्या शिक्षकांनी इलेक्शन ड्युटी केलीय त्यांनी हा अनुभव अर्जात नीट लिहावा, सील, फॉर्म, एजंट, रात्री उशिरापर्यंतचा हिशेब हे सगळं त्यांना आधीच येतं. सरकारी नोकरीत असाल तर परवानगीचा कागद मात्र सगळ्यात आधी हलवा, त्यालाच वेळ लागतो.