ब्लॉक मिळेपर्यंतचे सतरा दिवस

घरात कुणाची बायोप्सी झाली असेल आणि रिपोर्टात कॅन्सर आला असेल, तर त्याच दिवशी, रिपोर्ट मिळतो त्याच खिडकीत ब्लॉक मागून घ्या. डॉक्टर सांगतील मग बघू, असं म्हणत थांबू नका. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आईचे सतरा दिवस वाचले असते. सात महिने होत आले, आई आता घरात हिंडतेफिरते, तरी ती खिडकी आठवली की मला अजून संताप येतो.

ब्लॉक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण २०२४ च्या ऑगस्टपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. सुईनं काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात. काड्यापेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरट मेण आणि मेणात शेवयाच्या तुकड्याएवढा आईचा अंश. त्याचे अतिशय पातळ काप काढून काचेवर घेतात, रंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि रिपोर्ट लिहितात. आपल्या हातात फक्त रिपोर्ट येतो. ब्लॉक त्यांच्या कपाटात राहतो.

आम्ही तासगाव तालुक्यातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धाकटा भाऊ द्राक्षबाग बघतो. आई बासष्ट वर्षांची. विडी सोडाच, तिनं कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. पण तीस वर्षं चुलीपुढं बसली. जूनमध्ये खोकला सुरू झाला. एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, तसंच झालं, त्यात सहा आठवडे गेले. मग सांगलीत सीटी, सुईची बायोप्सी. हे सगळं भराभर झालं, पाचव्या दिवशी रिपोर्ट मिळाला: ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरची एक जात.

शनिवारी आम्ही कोल्हापूरला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "केमो लगेच सुरू करता येईल, पण आधी ईजीएफआर तपासू. ब्लॉक घेऊन या, मुंबईच्या लॅबला पाठवू." त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं, बाहेरून निरोप आला की ते पेशीला वाढायला सांगतं. काही रुग्णांत त्याच्या जनुकात बिघाड होतो आणि निरोप नसतानाही ते सांगतच राहतं. भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे मोटरीचा स्टार्टर चिकटला." डॉक्टर म्हणाले, अगदी तेच. त्या स्टार्टरवर नेमकं काम करणाऱ्या गोळ्या आहेत. जेफिटिनिब ही त्यातली जुनी. ती काही थोड्या रुग्णांनाच इतकी लागू का पडते, हे कोडं २००४ मध्ये अमेरिकेत सुटलं: लागू पडलेल्या रुग्णांच्या गाठीत हाच बिघाड होता. आपल्या देशात या जातीच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौघांत एकाला तो सापडतो. कधीच धूम्रपान न केलेल्या बायकांमध्ये जास्त. पण तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही, कारण बिघाड नसेल तर तिचा उपयोग नाही, उलट वेळ जातो.

मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. वाटलं, सोमवारी ब्लॉक घ्यायचा, मंगळवारी कुरियर करायचा.

सोमवारी मी शाळेत रजा टाकून सांगलीला गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "रिपोर्ट दिलाय की तुम्हाला. ब्लॉक देत नाही आम्ही." मी म्हटलं, तपासणीसाठी पाहिजे. तो म्हणाला, "मग डॉक्टरांचं पत्र आणा." मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तासाभरात पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते चालत नाही म्हणाला, मूळ पत्र पाहिजे, सही-शिक्क्याचं. दुसऱ्या दिवशी भाऊ मोटरसायकलवर कोल्हापूरला जाऊन ते घेऊन आला. बुधवारी पत्र दिलं, तर अर्जावर पेशंटची सही पाहिजे. सोमवारीच का सांगितलं नाही विचारलं, तर "तुम्ही विचारलं नाही" हे उत्तर. गुरुवारी आईची सही, आधारची झेरॉक्स, पाचशे रुपये डिपॉझिट, त्याची पावती. पावती हातात पडली तेव्हा वाटलं, झालं. शुक्रवारी गेले तर ब्लॉक सोडायची सही ज्या सरांची लागते ते गौरी-गणपतीला गावी गेलेले.

दुसऱ्या कुणाची सही चालत नाही का? नाही. सर कधी येतील? गौरी विसर्जन झाल्यावर.

त्या आठवड्यात आमच्या घरी गौरी बसल्या, पण आईला पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. मंगळवारी रात्री तिला धाप लागली. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं छातीतलं पाणी काढलं, जवळजवळ लिटरभर. तिला आराम पडला आणि आम्ही देवाचे आभार मानले. इथं एक गोष्ट सांगायची राहिली तर माझं लिहिणं वाया जाईल: ते पाणी फेकू देऊ नका. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये छातीत साठलेल्या पाण्यात गाठीच्या पेशी असू शकतात. त्या गोळा करून त्यांचाही ब्लॉक करतात, सेल ब्लॉक म्हणतात, आणि त्यावरून हीच तपासणी होऊ शकते. पाणी काढणार असतील तर आधीच सांगा की सेल ब्लॉकसाठी पाठवा. आमचं एक छोटी बाटली सोडून सगळं बेसिनमध्ये गेलं, आणि ती बाटलीही टीबीच्या तपासणीला गेली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नंतर "पाणी कुठाय?" विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर आले. शुक्रवारी मला खिडकीतून बंद पाकीट मिळालं. मी ते उघडून बघितलं नाही, ही माझी चूक, तुम्ही करू नका. पाकीट तसंच कुरियरला दिलं. सोमवारी संध्याकाळी मुंबईहून लॅबचा फोन आला: "मॅडम, यात रंगवलेल्या दोन स्लाइड्स आहेत. आम्हाला ब्लॉक पाहिजे, नाहीतर न रंगवलेल्या कोऱ्या स्लाइड्स." म्हणजे रिपोर्ट लिहिण्यासाठी वापरलेल्या काचा त्यांनी दिल्या होत्या. अर्जाच्या छापील नमुन्यात 'स्लाइड / ब्लॉक' असं होतं. त्यातला 'ब्लॉक' कुणीतरी पेनानं खोडला होता. मी खोडला नव्हता.

मंगळवारी अनंत चतुर्दशी. त्या रात्री भाऊ म्हणाला, "ताई, दे सोडून. केमो सुरू करूया, तिचे हाल बघवंनात." तो चुकीचं बोलत नव्हता. पेशंट फार खालावला तर डॉक्टर तपासणीची वाट न बघता केमो सुरू करतात, आणि कोल्हापूरचे डॉक्टरही तोवर त्याच विचारापर्यंत येऊन पोचले होते. आईला विचारलं तर म्हणाली, "इवल्याशा मेणापायी किती पायपीट करताय गं." मी सगळ्यांकडून एक दिवस मागून घेतला.

बुधवारी मी खिडकी उघडायच्या आधी उभी होते. सोबत अर्जाची झेरॉक्स, पावती, लॅबचा मेसेज छापून घेतलेला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावीत असं आहे, तेही लिहून नेलं होतं. खिडकीतला म्हणाला, ते कागदांचं आहे, ब्लॉक कागद नाही. मी म्हटलं, मग देत नाही हे लेखी द्या. लेखी द्यायला कुणी तयार होईना. अकरा वाजेपर्यंत मी तिथून हलले नाही. रांगेतल्या दोन बायका माझ्या बाजूनं बोलायला लागल्या. शेवटी आतून एक तंत्रज्ञ बाहेर आला, विशीबाविशीचा मुलगा. त्यानं पावतीवरचा नंबर वाचला, आत गेला आणि पाच मिनिटांत ब्लॉक घेऊन आला.

पाच मिनिटं! सतरा दिवस तो तिथंच, नंबराप्रमाणे लावलेल्या कप्प्यात होता. आनंदापेक्षा मला राग आला, आणि मग तिथल्याच बाकावर बसून मी रडले.

त्या पोरानं मात्र दोन गोष्टी सांगितल्या, त्या त्याच्या नावावर लिहिते. एक: "मावशी, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण हाय." दोन: "ह्यात मटेरियल लय थोडं हाय. काय काय बघायचं ते लॅबला एकदमच सांगा." दर वेळी ब्लॉक यंत्रावर चढवून कापायला घेतला की पहिले काही काप वाया जातात. आज ईजीएफआर, पुढच्या महिन्यात एएलके (दुसऱ्या एका जनुकातला बिघाड) असं केलं तर तुकडा संपून जातो आणि पुन्हा सुई टोचायची वेळ येते. आम्ही ईजीएफआर, एएलके आणि औषध ठरवायला लागणाऱ्या आणखी दोन तपासण्या, आरओएस-वन आणि पीडी-एल-वन, एकाच वेळी सांगितल्या. आणि पाकिटावरचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी तिथंच ताडून बघा, शेवटच्या अक्षरासकट.

लॅबनं नऊ दिवसांत रिपोर्ट दिला. एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे ईजीएफआरच्या जनुकातला तो बिघाड होता. डॉक्टर म्हणाले, "सापडलं," आणि हसले. कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

औषध कुठलं हा निर्णय लवकर झाला, पण त्यामागचं सांगते. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी जास्त चांगली, मेंदूपर्यंत पोचते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क काढलं होतं. तरी तेव्हा महिन्याचा खर्च लाखाच्या पुढं होता, आमच्या आवाक्याबाहेर. जेफिटिनिब मात्र आता भारतीय कंपन्या बनवतात, काही हजारांत महिना निघतो. आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयानं ३५० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. नुसती जेफिटिनिब दिल्यावर आजार साधारण ८ महिने आवरला गेला, तिच्यासोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमो दिल्यावर १६ महिने. तीव्र त्रासही दुपटीनं जास्त, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. आपल्याच लोकांवर, आपल्याला परवडणाऱ्या औषधावर आपल्या डॉक्टरांनी हे काम केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. आम्ही तेच घेतलं.

गोळी त्याच दिवशी सुरू झाली. केमोला आठवडा थांबावं लागलं, कारण पेमेट्रेक्सेडच्या आधी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२ चं इंजेक्शन लागतं. ब्लॉकची वाट बघतानाच डॉक्टरांना हे विचारून ठेवलं असतं तर तोही आठवडा वाचला असता. अजून एक: आई वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घ्यायची, घरोघरी घेतात तशी. पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब नीट शोषली जात नाही. ही गोळी कुणी औषध म्हणून मोजतच नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचं राहतं. आमच्याकडून पहिल्या भेटीत राहिलंच होतं.

ब्लॉक मिळत नसेल तर रक्तावरूनही हा बिघाड शोधता येतो, ते मला पंधराव्या दिवशी कळलं. गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात फिरत असतात. रक्तात सापडलं तर त्यावर गोळी सुरू करता येते. नाही सापडलं तर मात्र बिघाड नाहीच असं म्हणता येत नाही, ब्लॉककडेच यावं लागतं. खर्चाचा विचार करून आम्ही ही रक्ताची तपासणी केली नाही. पेशंटची तब्येत उतरत असेल तर मी आता थांबणार नाही, पहिल्याच आठवड्यात विचारीन.

छाटणीच्या दिवसांत, ऑक्टोबरात, आईची पहिली केमो झाली. तिसऱ्या आठवड्यात खोकला थांबला. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, नखांच्या कडा दुखायच्या, जुलाब झाले, दोनदा रक्त कमी म्हणून केमो पुढं ढकलली. डिसेंबरच्या सीटीत गाठ निम्म्याहून लहान झालेली. आता दर तीन आठवड्यांनी एकच इंजेक्शन आणि रोजची गोळी चालू आहे. पुढं कधीतरी ही गोळी दाद देईनाशी होईल, तेव्हा परत तपासणी, तेव्हा कदाचित नवी गोळी. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय आणि आईलाही माहीत आहे. सध्या खरड छाटणी चालू आहे. ती बांधावर खुर्ची टाकून बसते आणि गड्यांना चहा झाला का विचारत राहते.

लॅबनं उरलेला ब्लॉक परत पाठवला. आमच्या कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीशेजारी, स्टीलच्या डब्यात ठेवलाय. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात फार तापतं म्हणून आतल्या खोलीत. डॉक्टरांना विचारूनच ठेवला, पुढं लागू शकतो. ब्लॉक परत जमा केला की डिपॉझिट मिळेल असं पावतीवर लिहिलंय. ते पाचशे रुपये मी सोडले. त्या खिडकीत मी तो पुन्हा देणार नाही.