टेबलाच्या मधोमध पानडबा

आमच्या पवनी भागात अजून पंगत खालीच बसते. पण सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले आणि घरात सागवानी टेबल आलं. त्याच्या मधोमध काय ठेवायचं, यावर घरातल्या प्रत्येकाचं मत होतं. माझं एवढंच, की प्लास्टिकची फुलं नकोत. जुनं पितळ हवं.

आधी माळा धुंडाळला. कड्यांचं घंगाळ निघालं, दातेरी सांध्याचं, ठोक्यांच्या खुणा अजून अंगावर असलेलं. टेबलावर ठेवलं तर भाजीच्या पातेल्याला जागाच उरेना. मग समई. तिच्यावर सासूबाईंनी चर्चाच होऊ दिली नाही. "देवापुढची समई ताटापाशी काहून ठेवतेस? खरकटं लागन तिले!" पटलं. शिवाय ती एवढी उंच, की समोर बसलेल्याशी बोलताना मान वाकडी करावी लागते. तेव्हा ठरवलं, वितीहून उंच काही नको, आणि वाढताना एका हातानं बाजूला सरकवता आलं पाहिजे.

पितळेसाठी भंडाऱ्याचं नाव आहेच. तिथे मोडीत आलेली भांडी विकणाऱ्याकडे गेले. "शंभर वर्षांचं आहे ताई," हे वाक्य तिथे प्रत्येक भांड्याला लागू होतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची अट आहे खरी, पण दुकानात ती फार लवकर पूर्ण होते. मला काही दाखला नको होता, फक्त वापरातली वस्तू हवी होती.

पर्समधलं लोहचुंबक आधी लावलं. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. एक हत्ती तिथेच बाद झाला. मग भांडं उलटं करून पाहायचं. खरं वापरलेलं भांडं बुडाशी, कडेला, जिथे बोटं लागतात तिथे गुळगुळीत झिजतं आणि खाचांत काळं राहतं. औषध लावून जुनं केलेलं मात्र सगळीकडे सारखंच काळपट दिसतं, नख मारलं की खालून नवं पिवळं डोकावतं.

पानडबा मिळाला तो ढिगाच्या तळाशी. गोल, बसका, जाळीदार झाकणाचा, आत खण. एका खणात चुना दगडासारखा घट्ट बसलेला, शेजारी काताचा तपकिरी डाग. झाकणाच्या बिजागरीतली खीळ नंतर कोणीतरी तारेची घातलेली. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव ठोकलेलं आणि शेजारी शके १८७४. त्यात ७८ मिळवले की १९५२ येतं. म्हणजे शंभरचा दावा तिथेच निकालात निघाला! मी ते बोटानं दाखवलं. दुकानदार हसला आणि वजनाच्या भावाला तयार झाला. नक्षीचे वेगळे पैसे मागितले होते, ते सोडले.

चुना काढायला लिंबाचा रस घालून ठेवला. फेस येऊन सुटत गेला. बाहेरून चिंच-मीठ लावलं, पण अगदी हलक्या हातानं, कारण जाळीच्या खाचांतला काळेपणा मला हवा होता. नणंदेनं पावडर लावून चकचकीत करायचा आग्रह धरला. तसं केलं असतं तर नव्या डब्यातच काय वाईट होतं?

आता त्यात बडीशेप, ओवा, लवंग, खडीसाखर असते. सगळं कोरडं, म्हणून कल्हई केली नाही. आंबट किंवा ओलं ठेवायचं असतं तर केल्याशिवाय चाललं नसतं, पितळेत ते कळकतं. पावसाळ्यात बडीशेप सादळते, तेव्हा खणांत काचेच्या वाट्या बसवते. खाली सुती कापड घालते, नाहीतर बुडाचे ओरखडे सागवानावर उमटतात. चुन्याचा खण मात्र रिकामाच असायचा. सासरे त्यात आता गुपचूप सुपारी ठेवतात, डॉक्टरांनी बंद केलेली.